वॉकी-टॉकीमागचा माणूस : मेजर एडविन आर्मस्ट्राँग



गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या खांद्यापाशी अडकवलेला वॉकी-टॉकी तुम्ही पाहिलाच असेल. मुलांना त्याचं भारी आकर्षण. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं, एवढं त्यांना पटकन कळतं. पण एकदा वर्गात एका मुलीने विचारलं, वीज चमकली की आजोबांचा जुना रेडिओ खरखरतो, मग हा का नाही खरखरत? तिला उत्तर देता देता मला एका माणसाची अख्खी गोष्ट सांगावी लागली. तीच आज तुमच्यासाठी लिहितो आहे.

एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आई लग्नाआधी शिक्षिका होती, वडील पुस्तक प्रकाशनाच्या धंद्यात. लहानपणी एडविनला एक आजार झाला आणि त्यामुळे जवळजवळ दोन वर्षं शाळा सुटली. आजार गेला, पण खांद्याला आणि जबड्याला मधूनच झटका येण्याची खोड मागे राहिली ती कायमची. मुलगा एकलकोंडा झाला, यंत्रांत रमू लागला. वडिलांनी लंडनहून शोधांवरचं एक पुस्तक आणून दिलं, त्यात मार्कोनीची हकिगत होती. बस्स! पोराने ठरवूनच टाकलं की आपण शोध लावणार. योंकर्स गावातल्या घराच्या माळ्यावर त्याची प्रयोगशाळा आणि अंगणात स्वतः उभारलेला १२५ फुटांचा अँटेनाचा खांब. खांबावर चढायचाही तोच. (पालकहो, असं पोर आपल्या घरी असतं तर आपण काय केलं असतं, याचा विचार करून बघा!)

कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, १९१२ साली, त्याने पहिली मोठी गोष्ट साधली. त्या काळच्या निर्वात नळीतून बाहेर पडणारा संदेश थोडासा परत नळीच्या आत सोडला, तर तो पुन्हा पुन्हा वाढत जातो. कानाला हेडफोन लावून कसाबसा ऐकू येणारा संदेश खोलीभर ऐकू येऊ लागला. हे वाढवणं आणखी पुढे नेलं, की तीच नळी स्वतः लहरी तयार करू लागते. म्हणजे रिसीव्हर आणि ट्रान्समीटर, दोन्हींची किल्ली हाती लागली.

पेटंटसाठी त्याने वडिलांकडे पैसे मागितले. वडील म्हणाले, आधी पदवी घे. कोणत्याही जबाबदार बापाने हेच म्हटलं असतं. मामाच्या सल्ल्याने त्याने निदान आपल्या आकृतीवर ३१ जानेवारी १९१३ रोजी नोटरीचा शिक्का मारून घेतला. पेटंटचा अर्ज मात्र ऑक्टोबरपर्यंत लांबला. पुढे ली डी फॉरेस्ट यांनी याच शोधावर हक्क सांगितला आणि खटला वर्षानुवर्षं चालला. १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा निकाल डी फॉरेस्ट यांच्या बाजूने दिला. रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने आर्मस्ट्राँगना या शोधाबद्दल पूर्वीच पदक दिलं होतं. निकालानंतर ते पदक परत करायला गेले, तर संस्थेने ते घ्यायला नकार दिला. न्यायालय काहीही म्हणो, अभियंत्यांना खरं काय ते ठाऊक होतं.

मधल्या काळात पहिलं महायुद्ध होऊन गेलं होतं. सैन्यात पॅरिसला असताना, १९१८ मध्ये, त्यांनी सुपरहेटरोडाइन रिसीव्हर तयार केला. नाव अवघड आहे, कल्पना सोपी. समजा तुमच्या हातातल्या सेटवर १४५ मेगाहर्ट्झ लावलं आहे. सेट स्वतःच्या पोटात १२३.६ मेगाहर्ट्झची लहर तयार करतो आणि दोन्ही मिसळतो. फरक उरतो २१.४. चॅनेल बदललं की सेट पोटातली लहर तेवढीच सरकवतो, फरक तोच राहतो. त्यामुळे गाळणी आणि आवाज वाढवणारा भाग एकाच ठरलेल्या वारंवारतेसाठी नीट बसवता येतो. वॉकी-टॉकी प्रोग्रॅम करताना आपण घ्यायची वारंवारता, पाठवायची वारंवारता आणि टोन भरतो. त्यातल्या पहिल्या आकड्यावरून बऱ्याच संचांत हेच गणित चालतं. वर्गात हे वजाबाकीचं उदाहरण म्हणून द्या, मुलांना मजा येते.

सैन्यातला मेजर हा हुद्दा त्यांना जन्मभर चिकटला. शोध विकून श्रीमंत झाले, आरसीए कंपनीचे मोठे भागधारक झाले. कंपनीचे डेव्हिड सार्नॉफ त्यांचे मित्र. सार्नॉफ यांच्या सचिव मॅरियन यांच्याशी १९२३ मध्ये लग्न झालं आणि मेजरनी बायकोला भेट काय दिली, तर हातात नेता येईल असा रेडिओ!

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. जुन्या एएम रेडिओत आवाजाप्रमाणे लहरीचा आयाम कमी-जास्त होतो. विजेचा कडकडाट, गाडीच्या इंजिनातली ठिणगी, हेही आयामच बिघडवतात. त्यामुळे आवाज आणि खरखर रेडिओला वेगळे करता येत नाहीत. आर्मस्ट्राँगनी आयाम तसाच ठेवला आणि आवाजाप्रमाणे वारंवारता हलवली. हेच एफएम. रिसीव्हर आयामातले चढउतार सरळ छाटून टाकतो, त्यांच्याबरोबर बरीचशी खरखरही जाते. ही कल्पना इतरांनाही सुचली होती, पण एफएमचा काही उपयोग नाही असा तज्ज्ञांचा समज होता. वारंवारता भरपूर रुंद हलवू दिली तरच फायदा मिळतो, हे आर्मस्ट्राँगनी दाखवलं. २६ डिसेंबर १९३३ रोजी पेटंटं मिळाली. नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कला अभियंत्यांच्या सभेत त्यांनी योंकर्सच्या एका हौशी रेडिओवाल्या मित्राच्या केंद्रावरून प्रसारण ऐकवलं. पेल्यात पाणी ओतल्याचा, कागद चुरगळल्याचा आवाज अगदी खोलीत घडल्यासारखा आला.

आरसीएला मात्र टीव्हीत रस होता. एम्पायर स्टेट इमारतीवरचं सामान मेजरना काढून न्यावं लागलं. मग त्यांनी स्वतःच्या पैशाने न्यू जर्सीतल्या अल्पाइन इथे ४२५ फुटांचा मनोरा उभारला.

दुसऱ्या महायुद्धात दोन प्रकारचे संच सैनिकांच्या हाती आले. एक हातात धरायचा, साधारण सव्वादोन किलोचा. तो एएम होता. अँटेना बाहेर ओढली की चालू. वारंवारता बदलायची तर आतला स्फटिक आणि कॉइल बदलावी लागे. त्या काळचं प्रोग्रॅमिंग ते! दुसरा पाठीवरचा, पंधरा किलोच्या वरचा. त्यालाच वॉकी-टॉकी म्हणत आणि तो एफएम होता. युद्धकाळात आपली पेटंटं सैन्याला फुकट वापरू देण्याची मुभा आर्मस्ट्राँगनी दिली होती. आजचे साधे हातातले संच एफएमचाच अरुंद प्रकार वापरतात.

युद्ध संपलं आणि १९४५ मध्ये सरकारने एफएमचा पट्टा बदलून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर नेला. लोकांनी घेतलेले लाखो संच निरुपयोगी झाले. पूर्वी आरसीएने देऊ केलेले एकरकमी दहा लाख डॉलर मेजरनी नाकारले होते, कारण इतर कंपन्या विक्रीवर टक्केवारी देत होत्या आणि एकालाच वेगळी सवलत देणं त्यांना पटत नव्हतं. १९४८ मध्ये त्यांनी खटला भरला. कंपनीचे वकील वेळ काढत राहिले. १९५० मध्ये पेटंटांची मुदत संपली, पैसा संपत आला. १९५३ च्या अखेरीस एका भांडणात त्यांनी पत्नीवर हात उगारला आणि त्या घर सोडून बहिणीकडे गेल्या. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री मेजरनी आपलं जीवन संपवलं. नोटरीच्या त्या शिक्क्याला त्या दिवशी ४१ वर्षं झाली होती.

हा भाग मी पाचवी-सहावीला सांगत नाही. नववी-दहावीला सांगतो, आणि त्या दिवशी धडा घाईने संपवत नाही. मुलं विचारतात, कुणी त्यांच्याशी बोललं का नाही? पत्नीवर हात उगारला हेही मी लपवत नाही. मोठ्या माणसाचं चरित्र सांगताना तेवढंच गाळायची आपल्याला सवय आहे, ती मला आवडत नाही.

मॅरियनबाई पुढे लढल्या. आरसीएशी त्याच वर्षी दहा लाख डॉलरहून थोड्या जास्त रकमेवर तडजोड झाली. बाकीच्या कंपन्यांविरुद्धचे खटले एकेक करून त्यांनी जिंकले किंवा मिटवले. शेवटचा निकाली निघाला १९६७ मध्ये. ती कंपनी कोणती? मोटोरोला, युद्धातले ते दोन्ही संच बनवणारी.

अल्पाइनचा मनोरा अजून उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात जुळ्या मनोऱ्यांवरचे अँटेना गेले, तेव्हा न्यूयॉर्कच्या काही टीव्ही केंद्रांनी आपलं प्रसारण तात्पुरतं तिथून चालू ठेवलं होतं.