मुळ्यांचा शोध घेणारा वैद्य : ली शिझेन

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. निकालाच्या दिवशी घरी कोणत्या तोंडाने जायचे, ही धास्ती मला चांगली ठाऊक आहे. म्हणूनच तीन वेळा नापास झालेल्या ली शिझेन या चिनी वैद्याचे चरित्र मला जवळचे वाटले.

त्याचा जन्म १५१८ साली आजच्या हूपेइ प्रांतातील छीचौ येथे झाला. आजोबा घंटा वाजवीत गावोगाव फिरणारे वैद्य. वडील ली यानवेन हेही वैद्य. जिनसेंग या मुळीवर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. परंतु त्या काळी वैद्यकीला फारशी प्रतिष्ठा नव्हती. मुलाने सरकारी परीक्षा देऊन अधिकारी व्हावे, ही वडिलांची इच्छा. पहिली परीक्षा तो लहान वयातच उत्तीर्ण झाला. पुढची प्रांतिक परीक्षा मात्र तिन्ही वेळा हुकली.

विशीत तो खोकल्याने व तापाने अंथरुणाला खिळला. महिना झाला तरी ताप हटेना; सर्वांनी आशा सोडली. तेव्हा वडिलांनी हुआंगचिन नावाच्या एकाच पिवळ्या मुळीचा काढा दिला आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला. ही हकिकत त्याने पुढे आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली.

अखेर तो वैद्यच झाला. जुने ग्रंथ वाचताना त्यातील चुका त्याला दिसू लागल्या. कुठे एकाच कंदाची दोन औषधे झालेली, तर कुठे दोन वनस्पती एकाच नावाखाली आलेल्या. बाजारात जिनसेंग म्हणून भलतीच मुळे विकली जात. अशा चुकीने रोग्याचा जीवही जाऊ शकतो, हे ओळखून १५५२ मध्ये त्याने नवा ग्रंथ लिहायला घेतला. आठशेहून अधिक ग्रंथ पाहिले, रानावनांत हिंडून वनस्पती तपासल्या, तीनदा मसुदा लिहिला. १५७८ मध्ये 'पेनछाओ कांगमू' पूर्ण झाला : ५२ खंड, १८९२ औषधे आणि अकरा हजारांवर औषधयोग.

त्यातील सारेच आज खरे ठरत नाही. तरीही २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्यात त्याची नोंद केली. खुद्द लेखकाला मात्र छापील ग्रंथ पाहायला मिळाला नाही. १५९३ मध्ये तो वारला आणि १५९६ मध्ये नानचिंग येथे ग्रंथ प्रसिद्ध झाला.

वडिलांची अधिकारी होण्याची इच्छा त्याच्या हातून पुरी झाली नाही. पण ज्या विद्येने वडिलांनी त्याला वाचवले, ती त्याने सर्वांसाठी लिहून ठेवली. मित्रहो, निकाल लागल्यावर हे आठवावे, एवढेच.