पागलखान्यातली १६ वर्षं : नागपूरचे ताजुद्दीन बाबा आणि हैदराबादचे दिवाण

हैदराबादेत कुणी जरा विचित्र वागलं, की त्याला एर्रागड्ड्याला पाठवा म्हणतात. तिथे मनोरुग्णांचं सरकारी इस्पितळ आहे. विदर्भात हीच थट्टा नागपूरच्या नावाने होते, मुंबईकडे ठाण्याच्या आणि पुण्यात येरवड्याच्या. भाषा बदलते, टिंगल तीच. पण नागपूरच्या त्याच इस्पितळातून एक माणूस असा बाहेर आला, की भोसल्यांच्या राजांनी त्याला आपल्या वाड्यात नेऊन ठेवलं आणि निजामाचे दिवाण राहिलेले महाराजा किशन प्रसाद हैदराबादहून त्याच्या भेटीला नागपुरात आले. ताजुद्दीन बाबा हे नाव सीमेच्या अलीकडे-पलीकडे माहीत नाही असं गाव विरळाच. त्यांच्या आयुष्यातली १६ वर्षं पागलखान्यात गेली, हे मात्र उरुसाच्या गर्दीत फारसं कुणी बोलत नाही.

जन्म २७ जानेवारी १८६१ चा, नागपूरजवळच्या कामठीचा. कामठी म्हणजे तेव्हा मद्रास फौजेची छावणी. वडील सय्यद बद्रुद्दीन फौजेत सुभेदार. ते लवकर गेले, आई मरियम बीही मुलगा लहान असतानाच गेली. आजोळच्या माणसांनी पोराला वाढवलं, मदरशात घातलं. पुढे कन्हान नदीला पूर आला आणि त्यात घरच्यांचं होतं नव्हतं ते गेलं. विशीतल्या ताजुद्दीनने मग वडिलांसारखीच फौजेची नोकरी धरली.

पलटणीबरोबर सागरला गेल्यावर त्यांचं मन नोकरीवरून उडालं. रात्र रात्र ते तिथल्या दाऊद मक्की यांच्या दर्ग्यात बसून राहू लागले आणि एक दिवस नोकरी सोडून मोकळे झाले. घरी कळलं तेव्हा आजी सागरला गेली आणि नातवाला कामठीला घेऊन आली. ना खाण्याची शुद्ध ना कपड्यांची. मग हकीम झाले, वैद्य झाले, गंडेदोरे झाले. कामठीच्या गल्लीत पोरं मागे लागून दगड मारायची आणि बाबा ते दगड गोळा करून ठेवायचे, असं सांगतात. ही गोष्ट आज भक्त कौतुकाने सांगतात. त्या दिवसांत त्या आजीला ती कशी वाटत असेल, याचा विचार करून बघावा.

१८९२ साली त्यांना नागपूरच्या पागलखान्यात टाकण्यात आलं. तेव्हा १८५८ चा इंग्रजी कायदा चालत होता. रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्याला पोलिसाने धरायचं, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, डॉक्टरचा दाखला घ्यायचा आणि आत पाठवायचं. आत जायला एवढं पुरायचं. बाहेर येणं अवघड होतं. आपण याला सांभाळू अशी हमी नातेवाइकाने किंवा मित्राने लिहून दिली, तर सुटकेचा रस्ता निघायचा. लिहून देणारं कुणी नसेल तर माणूस आतच म्हातारा व्हायचा.

नागपूरचा पागलखाना १८६४ चा. तिथे बाबा राहिले आणि हळूहळू उलटंच काहीतरी घडू लागलं. लोक फाटकावर यायला लागले. मुसलमान आले, हिंदू आले. कुणाचं पोर आजारी, कुणाचा खटला अडकलेला. ज्या जागेचं नाव घ्यायला लोक कचरायचे, तिथे हार-नारळ घेऊन रांगा लागल्या. बाबांनी आत काय काय चमत्कार केले त्याच्या कथा पुष्कळ आहेत, ज्याची त्याची श्रद्धा. रांगा मात्र खऱ्या होत्या.

१९०८ साली हमी लिहून देणारा माणूस भेटला. नागपूरचे राजे रघुजीराव भोसले. राज्य केव्हाच खालसा झालेलं, पण नाव आणि मान शिल्लक होता. त्यांनी सरकारकडे २ हजार रुपयांचा जामीन भरला असं सांगतात, आणि बाबांना शक्करदऱ्याच्या आपल्या राजवाड्यात आणलं. मराठा राजाने पागलखान्यातला मुसलमान फकीर घरात ठेवला, ही गोष्ट आजच्या हवेत दोनदा वाचावी अशी आहे. मधला काही काळ बाबा कन्हानकाठच्या वाकी गावीही राहिले, पाटलांच्या आसऱ्याने. पुन्हा शक्करदऱ्याला आले.

भेटायला येणाऱ्यांत मग जातधर्म उरला नाही. पुण्याच्या इराणी घरातले मेहेरबाबा तरुणपणी येऊन गेले. हैदराबादहून किशन प्रसाद आले. हे स्वतः हिंदू, उर्दूत ‘शाद’ नावाने शायरी करणारे, सूफींच्या संगतीत रमणारे. १९०१ ते १९१२ ते निजामाचे दिवाण होते आणि पुढे पुन्हा राज्यकारभाराच्या शिखरावर बसले. एवढ्या मोठ्या माणसाने सरकारी कागदावर वेडा ठरलेल्याच्या भेटीला जावं, याची चर्चा तर होणारच.

बाबा १७ ऑगस्ट १९२५ रोजी शक्करदऱ्यालाच गेले. उमरेड रोडवरच्या ताजबागेत त्यांचा दर्गा आहे.

त्यांना आजार होता की नव्हता, याचा निवाडा शंभर वर्षांनी कुणी करू नये. सरकार म्हणालं वेडा आहे, भक्त म्हणाले अवलिया आहे. पण दोघांच्या म्हणण्यात एक गोष्ट सारखीच राहिली. मान मिळाला तो ते वेडे नाहीत असं ठरल्यावर. शेजारच्या खोलीतला खरोखर आजारी माणूस होता तिथेच राहिला. त्याच्यासाठी कुणी हार आणला नाही. आणि श्रद्धेच्या जागी आजाऱ्याला आसरा मिळतोच असंही नाही. तामिळनाडूत एर्वाडीला, दर्ग्याच्या गावात, ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत २८ मनोरुग्ण साखळदंडात बांधलेले मेले.

निजामाच्या राज्यातली गोष्ट वेगळी नव्हती. तिथलं वेड्यांचं इस्पितळ आधी हैदराबादच्या तुरुंगाच्या आवारात होतं, मग जालन्याला आलं. किशन प्रसाद नागपूरला ज्याच्या भेटीला गेले, त्याच्यासारखी कितीतरी माणसं त्यांच्याच राज्यात जालन्याच्या भिंतींआड होती. १९५३ साली ते इस्पितळ एर्रागड्ड्याला हललं. तीन वर्षांनी राज्यांच्या सीमा बदलल्या, मराठवाडा इकडे आला आणि इस्पितळ तिकडे राहिलं. तेव्हापासून नांदेड, देगलूर, धर्माबादकडचे लोक मनाच्या आजाराला कधी नागपूर, कधी पुणे, तर कधी गुपचूप हैदराबाद गाठतात. जालन्यात पुन्हा मानसोपचार रुग्णालय उभारायचा निर्णय अलीकडे झाला आहे.

नागपूरच्या मनोरुग्णालयाच्या आवारात बाबांची जागा आजही आहे, तिथे माथा टेकणारेही आहेत. दुसरीकडे, बरे होऊनही घरचं कुणी न्यायला न आलेल्या रुग्णांचा प्रश्न देशभरातल्या इस्पितळांतून थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. आता हमीचा जुना कायदा नाही, जामीन भरायला राजाही लागत नाही. काही घरची माणसं भरती करतानाच पत्ता खोटा लिहून जातात.