शेंडेनक्षत्राच्या वर्षी जन्मलेले भा. रा. भागवत

हॅरी पॉटर, नार्निया, हॉबिट ही नावे आपल्या विद्यानगरातल्या शाळकरी मुलांना विचारून पाहावीत. मुले घडाघडा बोलू लागतात. कोणता भाग आधी, कोणता नंतर, कोण मेले आणि कोण वाचले, सगळे त्यांना पाठ असते. अद्भुताची ही भूक मुलांना उपजतच असते. आजीची राक्षसाची गोष्ट असो की परग्रहावरची, भूक एकच. प्रश्न इतकाच की ती कोणत्या भाषेत भागते. एके काळी ती मराठीत भागत होती, पोटभर भागत होती. ज्यांनी हे पान वाढले त्यांच्यातले एक मोठे नाव म्हणजे भास्कर रामचंद्र भागवत, म्हणजेच आपल्या सर्वांचे भा. रा. भागवत.

त्यांचा जन्म ३१ मे १९१० चा. हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच महिन्यात हॅलेचा धूमकेतू आकाशात दिसत होता. पृथ्वी त्याच्या शेपटीतून जाणार, विषारी वायूने माणसे मरणार, अशी भीती साऱ्या जगात पसरली होती. आपल्याकडे धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणत आणि ते दिसणे अशुभ मानत. अशा वर्षी जन्मलेल्या या माणसाने पुढे मराठी मुलांना त्याच शेंडेनक्षत्रावर मुक्कामाला नेले, हा मोठा गमतीचा योग आहे.

भा. रां.च्या लहानपणी मराठीत मुलांसाठी वाचायला फार थोडे होते. वा. गो. आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' मासिक सुरू केले होते. इसापनीती, पंचतंत्र, पुराणातल्या कथा होत्या. पण गोष्टीच्या शेवटी बोध हवाच, असा मोठ्या माणसांचा हट्ट असे. निव्वळ थरारासाठी, कुतूहलासाठी मुलांनी वाचावे, हे पुष्कळांना पटत नव्हते. भा. रां.ना ते पटले होते आणि त्यांनी आयुष्य त्यासाठीच वेचले.

१९५१ साली त्यांनी 'बालमित्र' हे मुलांचे मासिक सुरू केले. पत्नी लीलावतीबाई स्वतः बालसाहित्यिका होत्या. आकाशवाणीवरही त्यांचे नाव होते. मुलांसाठी लिहिणे हे या घरात दोघांचेही व्रत होते. मासिक चालवणे म्हणजे काय, हे आपल्या मंडळाच्या या वार्षिक स्मरणिकेसाठी दारोदार जाहिराती मागणाऱ्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. तिथे तर हा खटाटोप दर महिन्याला होता. मुलांच्या मासिकाला जाहिराती कोण देणार आणि वर्गणी तरी किती येणार? काही वर्षांनी 'बालमित्र' बंद झाले. भा. रां.ची लेखणी मात्र थांबली नाही.

फ्रान्सच्या ज्यूल व्हर्न या लेखकावर त्यांचा विशेष जीव होता. व्हर्न १८२८ साली जन्मला आणि १९०५ साली वारला. विमान, पाणबुडी, अंतराळयान या गोष्टी नित्याच्या होण्याआधी त्याने त्यांवर कादंबऱ्या लिहिल्या. १८६५ च्या कादंबरीत त्याने तिघांना अमेरिकेतल्या फ्लोरिडातून प्रचंड तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे धाडले. १९६९ साली अपोलो यानातून तिघे जण चंद्राकडे निघाले तेही फ्लोरिडातूनच.

व्हर्नच्या कादंबऱ्या भा. रां.नी मराठीत कशा आणल्या, हे त्यांच्या पुस्तकांच्या नावांवरूनच कळते. 'चंद्रावर स्वारी' या नावातली स्वारी मराठ्यांच्या इतिहासातली आहे. पृथ्वीच्या पोटातला प्रवास 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' झाला. पाताळ मराठी मुलाला पुराणातून ठाऊकच होते. पाणबुडीच्या कथेला त्यांनी 'समुद्रसैतान' म्हटले. धूमकेतूवर जाऊन पडलेल्या माणसांची व्हर्नची कादंबरी १८७७ सालची, तिचे नाव त्यांनी ठेवले 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. पोस्टकार्डावर मुक्काम पोस्ट लिहावे तसे! परका शब्द जसाच्या तसा उचलून मुलांपुढे टाकायचा नाही, त्याला आपल्या घरातला शब्द शोधायचा, ही त्यांची रीत होती. स्वतःच्या एका विज्ञानकथेलाही उडत्या तबकडीवरून त्यांनी 'उडती छबकडी' असे खट्याळ नाव दिले.

आपल्या हैदराबादकरांना आवडेल अशी एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. व्हर्न कधी हिंदुस्थानात आला नाही. तरीही त्याने १८८० साली एक कादंबरी लिहिली, तिच्यात वाफेवर चालणारा लोखंडी हत्ती घर ओढत उत्तर हिंदुस्थानभर फिरतो. तिची सुरुवात होते औरंगाबादेत, नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर करणाऱ्या सरकारी पत्रकाने. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या म्हणजे आपल्याच हैदराबाद संस्थानात होते. पाणबुडीचा कप्तान नेमोसुद्धा बुंदेलखंडचा राजपुत्र आणि १८५७ च्या लढ्यातला वीर असल्याचे व्हर्नने पुढच्या एका कादंबरीत उघड केले. तेव्हा भा. रां.नी नेमोला मराठी बोलायला लावले, यात परक्याला घरात घेणे नव्हते. घरचाच माणूस घरी आला होता.

दुसऱ्यांच्या कथा आणता आणता त्यांनी आपला नायकही घडवला. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा हा काडीपैलवान सायकलवर सुसाट सुटतो, संकट दिसले की त्यात उडी घेतो आणि तोंडाने ट्टॉक असा आवाज काढतो. त्याच्याजवळ जादूची कांडी नाही, यंत्र नाही, श्रीमंत बाप नाही. आहे ते धाडस आणि चौकस डोके. त्याची वीस पुस्तके झाली. 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'चक्रीवादळात फास्टर फेणे', 'विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे' ही नावे वाचली तरी आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांचे डोळे चमकतात. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर त्याची मालिका आली, सुमीत राघवनने ती भूमिका केली. २०१७ साली चित्रपट आला, त्यात अमेय वाघ होता.

१९७४ नंतर डॉ. जयंत नारळीकर विज्ञानकथा लिहू लागले. त्या वाचणाऱ्यांत असे पुष्कळ जण होते, ज्यांनी लहानपणी भा. रां.बरोबर चंद्रावर आणि पाताळात फेरी मारली होती. कोणत्याही भाषेत मोठ्यांचे असे साहित्य रुजायचे तर आधी मुलांच्या हातात पुस्तक पडावे लागते. ही मशागत फारशी डोळ्यांत भरत नाही. भा. रां.ना ज्ञानपीठ मिळाले नाही, समीक्षकांनी त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिले नाहीत. मुलांसाठी लिहिणाऱ्याला आपल्याकडे दुय्यमच मानतात. मुलांनी मात्र त्यांना कधी दुय्यम मानले नाही.

१९८६ साली हॅलेचा धूमकेतू परत आला, तेव्हा भा. रा. ७५ वर्षांचे होते. या वेळी त्याला भेटायला माणसाने याने पाठवली होती. त्यांच्या जन्माच्या वेळी जो भीतीचा विषय होता, तो त्यांच्या हयातीतच कुतूहलाचा झाला. मुलांच्या मनातली भीती काढून तिथे कुतूहल पेरायचे, हेच काम त्यांनीही केले होते. २७ ऑक्टोबर २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

आपण महाराष्ट्राबाहेर राहतो. आपली मुले शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तेलुगू आणि हिंदी बोलतात. मराठी उरते ती जेवणाच्या ताटाभोवती आणि गणपतीच्या दहा दिवसांत. मुलांनी इंग्रजी कादंबऱ्या वाचाव्यात, जरूर वाचाव्यात, त्यात वाईट काही नाही. पण मराठी म्हणजे फक्त आरती, अभ्यास आणि आजीचे रागावणे, असे त्यांना वाटू लागले तर दोष मुलांचा नाही. मराठीतही चंद्रावर जाता येते, हे त्यांना कुणी तरी दाखवायला हवे. ज्यांना देवनागरी भराभर वाचता येत नाही, त्यांना रात्री दहा मिनिटे वाचून दाखवावे. सुरुवात फास्टर फेणेपासून करावी. तिसऱ्या रात्री पुढे काय झाले हे मूल स्वतःच विचारील, आणि एखाद्या रात्री वाट न पाहता पुस्तक स्वतःच उघडील.

विद्येच्या देवतेपुढे ठेवण्यासारखा याहून चांगला नैवेद्य कोणता?