दादासाहेब रूपवते

अकोले तालुक्याच्या डोंगराळ मुलखाने महाराष्ट्राला दिलेले दामोदर तात्याबा रूपवते (जन्म १९२५) सर्वांना दादासाहेब म्हणूनच परिचित होते. १९५६ साली परमपूज्य बाबासाहेबांचे प्रबुद्ध भारत हे पत्र निघाले; त्याच्या संपादकवर्गात हा तिशीतला तरुण होता. पुढे रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि त्या पक्षात त्यांचे राजकारण घडले.

विधान परिषदेचे सदस्य म्हणून ते सभागृहात गेले. वसंतराव नाईकांच्या काँग्रेस मंत्रिमंडळात समाजकल्याण खात्याचे मंत्रीही झाले. स्वकीयांचा रोष तेथेच ओढवला. दलित पँथरची पोरे रस्त्यावर लाठ्या खात होती आणि त्याच समाजाचा वडीलधारा माणूस सरकारात बसला होता. पक्षाची शक्ती विखुरली, हे आम्हांस नाकारता येत नाही. तरीही ज्या खात्याच्या अनुदानावर खेड्यांतील दलित मुलांची वसतिगृहे उभी राहतात, ते खाते आपल्या माणसाच्या हाती असणे ही लहानसहान गोष्ट नव्हती, असे आम्ही मानतो.

मंत्रिपद गेले, त्यांनी स्थापिलेला बहुजन शिक्षण संघ नगर जिल्ह्यात राहिला. २३ जुलै १९९९ रोजी दादासाहेबांचे निधन झाले.