देवाला मुलगा कसा? रमाबाईंचा प्रश्न

मनमाडला आमच्या शेजारी रेल्वेत नोकरी करणारे एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. नाताळात त्यांच्याकडून करंज्यांचे ताट यायचे, दिवाळीत आमच्याकडून जायचे. असल्याच एका नाताळात मी त्या घरातल्या मावशींना विचारले, की देवाला मुलगा कसा असेल? आई ओशाळली. मावशी मात्र हसल्या. म्हणाल्या, हा प्रश्न पंडिता रमाबाईंनाही पडला होता. पुढे दौंडच्या गाडीने जाऊन केडगावचे मुक्ती मिशन पाहिले, रमाबाईंचे चरित्र वाचले, तेव्हा मावशींच्या बोलण्याचा अर्थ उलगडला.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या माऊलीने लेकीला. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायपीट करत त्या १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. पुढे भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षेही झाली नाहीत तोच १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. पदरात तान्ही मनोरमा.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या मठातील भगिनींकडे उतरल्या आणि २९ सप्टेंबरला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात गदारोळ उठला. तिकडे मात्र वेगळाच वाद सुरू व्हायचा होता.

येशू हा देवापासून जन्मलेला पुत्र, असे ख्रिस्ती श्रद्धा सांगते. पण जन्मलेला म्हणजे काय? चौथ्या शतकात एरियस या धर्मगुरूने युक्तिवाद केला, की जो जन्मला तो त्याआधी नव्हता. म्हणजे तो पित्याच्या बरोबरीचा नव्हे. इ. स. ३२५ मध्ये निकिया येथील धर्मपरिषदेने हे नाकारले. पुत्र जन्मलेला आहे, घडवलेला नाही, तो पित्याच्याच तत्त्वाचा आहे, असा निर्णय झाला. सूर्यापासून प्रकाश निघतो, पण प्रकाशाविना सूर्य कधीच नव्हता, तसे हे नाते.

रमाबाईंना हे पटेना. देव एकच, असे त्यांचे ठाम मत. येशूला त्या देवाने पाठवलेला तारणारा मानत, पण साक्षात परमेश्वर मानायला बायबलात आधार कुठे, असे विचारत. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना त्या पत्रांतून आजीबाई म्हणत. या आजीबाईंना ही शंका म्हणजे अहंकार वाटला. चर्च सांगेल ते मानावे, हा त्यांचा आग्रह. रमाबाईंनी उलट कळवले, की एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे, ते दुसऱ्यासाठी पुन्हा मानेवर घेणार नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवत. तिथल्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी मात्र धीराने त्यांच्याशी चर्चा केली.

वाचकहो, परिस्थिती ध्यानात घ्या. परका देश, हाती पैसा नाही, कानांनी नीट ऐकू येत नाही, लेक याच भगिनींच्या आधारावर वाढते आहे. नुसती मान हलवली असती तर सारे सुरळीत झाले असते. त्यांनी ती हलवली नाही.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. परतल्यावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन आणि पुढे केडगावला मुक्ती सदन उभे केले. येशूवर त्यांची श्रद्धा पुढे दृढ झाली, पण ती स्वतःच्या अनुभवातून. कोणा एका पंथाच्या त्या झाल्या नाहीत. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अवघे बायबल सोप्या मराठीत उतरवले. ज्या शब्दांवरून तरुणपणी वाद झाला, ते शब्द आता मूळ भाषेत त्यांच्यापुढे होते. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही.

मावशी आता नाहीत. परवा घरातल्या पोराने देवाविषयी असेच काही विचारले. गप्प बस, असे तोंडाशी आले होते. मावशींचे हसू आठवले आणि त्याला जवळ बसवून घेतले.