गुलाबाच्या वासाने येणारी सर्दी आणि हकीम राझी

पावसाळा सरत आला की दौंड-शिरूरच्या रस्त्यांच्या कडेला गाजर गवत पांढऱ्या फुलांनी भरून जातं आणि वर्गात शिंका सुरू होतात. कुणाचे डोळे लाल, कुणाचं नाक गळतंय. विचारलं तर उत्तर ठरलेलं, सर्दी झालीय सर. पण ताप नाही, महिना महिना हटत नाही आणि दरवर्षी त्याच दिवसांत येते, ही कसली सर्दी? याच कोड्यात अकराशे वर्षांपूर्वी एका हकीमाने लक्ष घातलं होतं.

अबू बक्र मुहम्मद बिन जकरिया राझी यांचा जन्म हिजरी २५१ म्हणजे इ.स. ८६५ चा, आजच्या तेहरानजवळच्या रय शहरातला. गावावरून राझी. तरुणपणी संगीत आणि किमयेचा नाद होता, वैद्यकाकडे ते उशिरा, तिशी उलटल्यावर वळले. (आपल्याकडे दहावीतच मुलाचं सगळं आयुष्य ठरवून टाकतात!) पुढे रय आणि बगदादच्या दवाखान्यांचे ते प्रमुख झाले. रोगी आला की आधी नवे शागिर्द तपासत, मग जुने, त्यांना जमलं नाही तर राझी स्वतः. गरिबांना मोफत औषध देत. ज्यांच्या गावी हकीमच नाही अशांसाठी त्यांनी वेगळं पुस्तक लिहिलं. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार कसे ओळखायचे, हेही त्यांनी नीट मांडलं.

अबू जैद बल्खी नावाच्या विद्वानाला वसंतात गुलाब फुलले की नाक वाहण्याचा त्रास व्हायचा. राझींनी या एका तक्रारीवर स्वतंत्र लेख लिहिला. फुलांचा मोसम आणि वाहतं नाक यांचा संबंध त्यांनी जोडला, ही मोठी गोष्ट. कारण मात्र त्यांनी त्या काळच्या समजुतीप्रमाणे दिलं. खरं कारण सापडायला फार काळ लागला.

आपल्या नाकात, कातडीत, श्वासनळीत काही पेशी पहारेकऱ्यासारख्या असतात. त्यांच्यात हिस्टामिन नावाचं रसायन साठलेलं असतं. परागकण, धूळ किंवा एखादं अन्न शरीराला शत्रू वाटलं की या पेशी ते सोडतात. बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन पाझरतात. मग नाक गळतं, डोळे चुरचुरतात, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात. दम्याच्या मुलाची श्वासनळी आवळते. हिस्टामिन शरीरात काय करतं हे इंग्लंडच्या हेन्री डेल यांनी १९१० पासून दाखवलं, आणि त्याला अडवणारं पहिलं औषध १९३७ मध्ये डॅनिएल बोवे यांच्या प्रयोगशाळेत निघालं. सर्दीच्या जुन्या गोळ्या त्याच घराण्यातल्या. त्या मेंदूपर्यंत पोचतात म्हणून झोप येते. पहिल्या तासालाच पेंगणारं मूल आळशी असेलच असं नाही, सकाळी अम्मीने कोणती गोळी दिली ते आधी विचारावं. नवी औषधं कमी गुंगी आणतात, पण ती डॉक्टरांना विचारूनच.

एक मात्र घरात सगळ्यांना ठाऊक हवं. गांधीलमाशी चावल्यावर, इंजेक्शननंतर किंवा काही खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, दम लागला, चक्कर आली, तर गोळी देऊन वाट बघत बसू नये. रक्तदाब मिनिटांत कोसळू शकतो. तिथे अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, म्हणून सरळ दवाखाना गाठावा.

राझींची नजर शेवटच्या काळात गेली. हिजरी ३१३, इ.स. ९२५ मध्ये रय इथेच त्यांचा इंतकाल झाला. मागे राहिले टिपणांचे गठ्ठे. ते जुळवून शागिर्दांनी ‘अल-हावी’ हा प्रचंड ग्रंथ उभा केला आणि १२७९ मध्ये तो लॅटिनमध्येही गेला.