नक्षत्रांचे उपासक : कावसजी नायगमवाला

तमिळनाडूतील पळणीच्या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,३४० मीटर उंचीवर, कोडाईकॅनलची वेधशाळा आहे. १८९९ साली स्थापन झालेल्या या वेधशाळेत शंभराहून अधिक वर्षांची सूर्याची छायाचित्रे जपून ठेवलेली आहेत. देशोदेशीचे प्रवासी घाट चढून ती पाहावयास जातात. या वेधशाळेच्या इतिहासात 'भावनगर दुर्बीण' असे एक नाव येते. गुजरातेतील एका संस्थानाचे नाव त्या दूरच्या डोंगरावर कसे पोहोचले? या प्रश्नाचे उत्तर पुण्यातील एका प्राध्यापकाच्या जीवनात सापडते. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला.

कावसजींचा जन्म १८५७ साली एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान व रसायन यांचे अध्ययन करून १८७८ साली ते एम. ए. झाले. पुढे त्याच कॉलेजात ते शिकवू लागले. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी विज्ञानाच्या कार्यासाठी पाच हजार रुपयांची देणगी दिली व सरकारनेही तेवढीच रक्कम तीत घातली. या पैशाचा उत्तम उपयोग कोणता, हे जाणून घेण्यासाठी कावसजी १८८४ साली विलायतेस गेले. तेथे नॉर्मन लॉकयर यांच्यासारख्या विख्यात शास्त्रज्ञांशी त्यांनी विचारविनिमय केला आणि खगोलवेध हेच आपले कार्य ठरविले.

त्या काळी खगोलशास्त्रात एक नवी विद्या उदयास आली होती. लोलकातून प्रकाशाचा किरण जाऊ दिला, की त्याचे रंग वेगवेगळे होऊन वर्णपट दिसतो. त्या वर्णपटातील रेषा पाहून तो प्रकाश देणाऱ्या वस्तूत कोणती मूलद्रव्ये आहेत, हे कळते. ज्या सूर्याजवळ मनुष्य जाऊ शकत नाही, त्याची घडण पृथ्वीवर बसून ओळखण्याची ही विद्या होय. तिच्यासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ साली 'महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा' उभी राहिली. तिची वीस इंची आरशाची दुर्बीण कित्येक दशके भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. दिवसा अध्यापन आणि रात्री वेध, असा कावसजींचा क्रम सुरू झाला.

त्यांच्या तपश्चर्येची खरी कसोटी १८९८ साली लागली. त्या वर्षी २२ जानेवारीस खग्रास सूर्यग्रहण होते. चंद्राची छाया विजयदुर्गाजवळ किनाऱ्यास लागून सोलापूर जिल्ह्यावरून पुढे सरकणार होती. वैरागकडून कुर्डुवाडीस येऊन पुण्याची गाडी धरली, की वाटेत केम ओलांडल्यावर जेऊर लागते. करमाळे तालुक्यातील याच साध्या गावी कावसजींनी आपला तळ ठोकला. नुकताच या जिल्ह्याने दुष्काळ सोसला होता आणि पुण्याने प्लेगचे संकट पाहिले होते. अशा दिवसांत नाजूक यंत्रे आणून माळावर उभी करणे सोपे नव्हते. अमेरिकेतील हॅमिल्टन पर्वतावरच्या लिक वेधशाळेतून विल्यम कॅम्पबेल हे शास्त्रज्ञही समुद्र ओलांडून जेऊरलाच आले होते. तिकडे विजयदुर्गास लॉकयर थांबले होते.

खग्रास अवस्था जेऊर येथे अवघी दोन मिनिटे टिकणार होती. एखादी काच विसरली, एखाद्याचा हात चुकला, तर महिन्यांची तयारी वाया गेली असती; कारण चंद्र कोणासाठी थांबत नाही. त्या दिवशी आकाश स्वच्छ होते. दुपारी हळूहळू ऊन ओसरले आणि सूर्यबिंब झाकले गेले. बिंबाभोवती एरवी तेजामुळे न दिसणारा सूर्याचा पांढरा किरीट झळकू लागला. मान वर करून त्या शोभेत रंगून जाण्यास वेधकर्त्याला सवड नव्हती. त्या अल्प काळात वर्णपटाची छायाचित्रे घ्यावयाची होती. ती घेतली गेली आणि पुन्हा सूर्यकिरण फुटले. दोन मिनिटांच्या त्या वेधांचा अहवाल सिद्ध होऊन छापला जाण्यास १९०२ साल उजाडले. पाहिलेले पडताळून घेतल्यावाचून लिहावयाचे नाही, ही शास्त्रज्ञाची रीत त्यांनी सोडली नाही.

१९१२ साली कावसजी सेवानिवृत्त झाले. त्याबरोबर पुण्याची वेधशाळाही बंद झाली. जिच्यापाशी आयुष्याच्या रात्री वेचल्या, ती दुर्बीण इतर यंत्रांसह कोडाईकॅनलच्या डोंगरावर पाठविण्यात आली. तेथे ती दात्याच्या संस्थानाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्यावर कावसजींचे नाव आले नाही. तथापि पुण्यात मिटलेला तिचा डोळा पर्वतावरच्या निर्मळ आकाशाकडे पुन्हा उघडला. १९३८ साली कावसजींचे देहावसान झाले.

कोडाईकॅनलचा घाट चढणाऱ्या प्रवाशाने तेथील दुर्बिणींची कथा ऐकताना पुण्याच्या या प्राध्यापकाचे स्मरण करावे, आणि आगगाडीतून जेऊर ओलांडणाऱ्या मुलांनी खिडकीतून क्षणभर त्या माळाकडे पाहावे. दोन मिनिटांच्या छायेसाठी एका माणसाने तेथे आपली वर्षांची विद्या पणाला लावली होती.